संध्याकाळचा मोजा

"आदमी कू नको पूछ, मोजे कू पूछ." आमच्या कामातला हा पहिला धडा मला गफूरभाईंनी दिला. नांदेडला आमच्या पायांच्या कारखान्यात ते उस्ताद होते. कारखाना म्हणजे एका धर्मादाय दवाखान्यामागची पत्र्याची लांबट खोली. अपघातात, साखरेच्या आजारात, मळणीयंत्रात पाय गेलेल्यांना आम्ही तिथे नवे पाय बनवून देतो. देत होतो, असं म्हणायला हवं. मी निवृत्त झाले त्याला आता वर्ष होईल, पण जिभेला अजून त्याची खबर नाही.

मोज्याची गोष्ट अशी. नवा पाय घालण्याआधी उरलेल्या पायावर जाड पांढरा सुती मोजा चढवतात. माणूस थोडा चालला की पाय काढायचा, मोजा उलटा करायचा आणि उजेडात धरायचा. माणसं खोटं बोलतात. लांबून आलेली असतात, बाहेर घरचे ताटकळत असतात, दिलेला पाय परत काढून घेतील अशी धास्ती असते. म्हणून विचारलं की ती "लई बेस बसलाय, बाई" म्हणतात. मोज्याला असली भीड नसते. कुठे घासतंय, कुठे चिघळतंय, ते तो डागाने सांगतो.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून सांगितलं. मी कधी लागले, कधी कायम झाले हे सेवापुस्तकात आहे. ज्याला झोप येत नसेल त्याने ते वाचावं. मी इथे एका चुकीबद्दल लिहिणार आहे. ती माझी आहे आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही. पूर्वी वाटायची.

मी कारखान्यात झाडलोटीला लागले होते. तेव्हा माप घ्यायला सगळे पुरुष. मांडीपर्यंत पातळ वर करून परक्या पुरुषापुढे बसायचं म्हटल्यावर खेड्यातल्या बायका दारातूनच परत जायच्या. उदगीरकडच्या एका आजीला असं परत जाताना पाहिलं आणि मी झाडू टाकून तिच्यामागे धावले. म्हटलं, "मावशी, मी घेते माप." मला टेपसुद्धा धरता येत नव्हता. गफूरभाई पडद्याआडून सांगत गेले आणि मी करत गेले. पाय तयार झाला तेव्हा आजी म्हणाली, "समदं झालं, पर जोडवं कुठं घालू?" रबरी पावलाला बोटांचा नुसता आकार असतो, फट नसते. मी ब्लेडने फट कापली आणि जोडवं बसवलं. आमचे व्यवस्थापक चांगलेच तापले, चांगलं पाऊल खराब केलं म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या पायात जोडवी घालायची वेळ आली असती म्हणजे कळलं असतं. त्यानंतर किती बायांच्या पावलांना मी फटी कापल्या त्याचा हिशेब नाही.

अर्धापूरचे एक केळीवाले बापू होते. पाय घालून चिखलात पाणी द्यायला जाऊ नका म्हणून मी दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी ते फाटलेलं पाऊल आणि केळीची फणी घेऊन दारात उभे राहायचे. "पाय तुमचा कच्चा हाय," म्हणायचे. मी म्हणायची, "बापू, देवाने दिलेला तुम्ही टिकवला नाही, माझा कसा टिकेल?" दोघं हसायचो. गावोगावी मला पायवाल्या बाई म्हणू लागले. ते नाव मला माझ्या खऱ्या नावापेक्षा जास्त आवडतं.

खरं नाव करुणा. आम्ही मराठी ख्रिस्ती. भेटलो की एकमेकांना सलाम म्हणतो, नाताळला करंज्याही करतो. कारखान्यात मी कधी कुणापुढे हात जोडून प्रार्थना केली नाही. हात प्लास्टरमध्ये बरबटलेले असताना मनातल्या मनात करायची. आमचा प्रभू सुतार होता. त्याला बरबटलेल्या हातांचं वावडं नसावं, असं मी धरून चालले होते.

मग माझे मालक गेले. सॅम्युएल त्यांचं नाव. पोटाच्या आजाराने आठ महिने अंथरुणावर होते. चर्चच्या सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, साखळी उपास केले. ते गेले. दफनविधी आटोपून घरी आलो तेव्हा आमच्या पंचकमिटीचे दाऊदकाका ओसरीवर बसून म्हणाले, "करुणाबाई, कुठंतरी विश्वास कमी पडला बघा." माणूस वाईट नाही. पण तोंडातून निघालेलं ते वाक्य माझ्या घशात हाडासारखं अडकलं. सॅम्युएल शेवटच्या दिवशीही माझा हात धरून स्तोत्र पुटपुटत होते. त्यांचा विश्वास कुणी आणि कुठल्या टेपाने मोजला, हे मला आजही विचारायचं आहे.

मी मनात अढी धरली. म्हटलं, एक तरी माणूस या मंडळीसमोर उठवून, चालवून दाखवते. मग बोला म्हणावं माझ्या घरच्या विश्वासाबद्दल.

त्याच वर्षी दिवाळीनंतर लातूरच्या शिबिरात सुजाता आली. महिन्यातून एकदा आम्ही साहित्य घेऊन लातूरला जायचो. सुजाता चाकूरजवळच्या एका खेड्यातली, अंगणवाडीत मदतनीस. नवरा लातूरला डाळमिलमध्ये. दिवाळीच्या बाजाराला येताना ऑटो उलटला आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली सहा बोटं ठेवून कापावा लागला. गुडघा वाचला होता. बाहेरच्यांना वाटतं पाय गेला तो गेला, कुठूनही. तसं नसतं. गुडघा असला की बाई खाली बसते, उठते, पायरी चढते. गुडघा गेला की तिला प्रत्येक उंबऱ्याशी झगडावं लागतं.

माझं नाव ऐकून ती म्हणाली, "करुणा? नाव तर आमच्यातलं हाय की." मी म्हटलं, मी ख्रिस्ती. ती म्हणाली, "आमी बौद्ध. म्या देवबिव मानत न्हाई, आधीच सांगून ठिवते. पाय करून द्या. जूनमदी अंगणवाडीत उभं राहायचं हाय, न्हाई तर मॅडम दुसरी बाई घेतेत." पस्तिशीची, सडपातळ, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. मी मनात म्हटलं, हीच.

आता कामाचं थोडं सांगते. कापलेला पाय सुजलेला असतो. त्याला रोज पट्टी बांधून बारीक होऊ द्यावा लागतो. माप घ्यायचं ते एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, आणि आठवड्याने परत तसंच. रात्रभर पट्टी असल्यामुळे सकाळी पाय बारीक दिसतो. दिवसभर खाली लोंबला की संध्याकाळी भरतो. दोन्ही मापं जुळली आणि जुळलेलीच राहिली, तरच ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा. त्या साच्यावरून कडक प्लास्टिकची वाटी बनते आणि माणसाचा सगळा भार त्या वाटीत पेलला जातो. वाटी चुकली की सगळं चुकलं.

हे मी शेकडो वेळा केलं होतं. डिसेंबरच्या शिबिरात सुजाता सकाळी आठला आली. माप घेतलं, चांगलं उतरलं होतं. संध्याकाळी पुन्हा घ्यायचं मला ठाऊक होतं. पण नाताळ पंधरा दिवसांवर आला होता. आमच्याकडे नाताळच्या सकाळी उपासनेत साक्ष देतात. वर्षभरात देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं. माझी साक्ष मी नोव्हेंबरातच मनात तयार केली होती. कुठे थांबायचं, कुठे सुजाताकडे हात करायचा, सगळं. सकाळचं माप बघून मी स्वतःला म्हटलं, देवाने खूण दिली. आणि प्लास्टर कालवलं.

साक्ष आधी ठरली आणि माप नंतर घेतलं. माझी चूक एवढीच, पण ती चांगली मोठी आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी ती नांदेडला आली, माझ्याच घरी राहिली. कारखान्यात आधाराच्या दोन दांड्यांमध्ये तिला तासभर चालवली. म्हणाली, "बेस हाय." सकाळी चर्चमध्ये दारापासून वेदीपर्यंत ती एकटी चालत आली. मंडळी उभी राहिली, गाणं सुरू झालं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाळकसाहेबांचाही आवाज भरून आला. मी साक्ष दिली. ती इतकी छान झाली की मलाच हुंदका आला. दाऊदकाकांकडे मी मुद्दाम बघितलं. ते मान हलवत होते.

मग चहा, केक, करंज्या, लोकांचे सलाम. सुजाता खुर्चीत बसून होती. मी तिच्याजवळ वाकून विचारलं, "दुखतंय का गं?"

"न्हाई, बाई."

मी माणसाला विचारलं. मोज्याला विचारलं नाही. घरी गेल्यावरही नाही. दुपारी तिला न्यायला आलेल्या नवऱ्याबरोबर लातूरच्या बसमध्ये बसवलं आणि रोज घालत जा म्हणून बजावलं.

जानेवारीच्या शिबिरात तिला नवऱ्याने उचलून आणलं. मोजा कातडीला चिकटला होता. पाण्याने भिजवून सोडवला तेव्हा हाडाच्या टोकावर रुपयाएवढी जखम, कडा काळसर. तिला ताप होता. मी म्हटलं, "अगं, इतकं होऊनही घालत राहिलीस?"

"तुमीच म्हनलात रोज घाल म्हणून."

"आणि चर्चमध्ये? तेव्हाही दुखत होतं?"

"सातव्या पावलालाच कळालं होतं. पर समदे गानं म्हनून राहिले होते. तुमी रडत होतात. मदीच कसं थांबावं?" मग तिचा आवाज चढला. "येक इचारू, बाई? घाई कुनाला होती? तुमच्या देवाला का तुमाला?"

शिबिरातले सर्जन म्हणाले, हाडापर्यंत गेलं तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. मी त्यांच्याशी भांडले, अक्षरशः भांडले. शेवटी त्यांनी औषधं लिहून दिली आणि म्हणाले, पंधरा दिवस बघू, रोज स्वच्छ ड्रेसिंग, पाय खाली टेकवायचा नाही. रोजचं ड्रेसिंग गावातल्या नर्सबाई करणार होत्या. मी म्हटलं, दर रविवारी मी येऊन बघेन.

आधी एक काम राहिलं होतं. साक्षीला दर रविवारीही थोडा वेळ असतो; जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ती वेळ आली तशी मी उभी राहिले. म्हटलं, नाताळला तुम्ही जे पाहिलं ते खरं नव्हतं. ती बाई जखमेवर चालत होती. मी माप चुकीचं घेतलं, कारण मला तुमच्यापुढे मिरवायचं होतं. मग मोज्याचा नियम सांगितला आणि तो मी मोडला हेही सांगितलं. दाऊदकाका उठून हळूच म्हणाले, "करुणाबाई, साक्षीत असं बोलत नसतात. देवाचा गौरव होईल असं बोलावं."

मी म्हटलं, "काका, देवाला खोट्याने गौरव लागत असेल तर तो माझा देव नव्हे." आणि पुढे म्हटलं, "सॅम्युएलचा विश्वास कमी नव्हता. हेही लिहून घ्या." पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली तेव्हाच बसले.

त्यानंतरचे अकरा रविवार मी चर्चला गेले नाही. रविवार ही एकच सुट्टी, आणि ती मी लातूरच्या एसटीत घालवली. लोहा, अहमदपूर मागे टाकत चाकूरला उतरायचं, तिथून मिळेल त्या वाहनाने गाव. एसटीत मी प्रार्थना करायची म्हणण्यापेक्षा भांडायची. माझे मालक नेलेस, ठीक, ते तुझेच होते. पण हिचा गुडघा माझ्या चुकीपायी नेशील तर तुला मी सोडणार नाही. शेजारचे प्रवासी माझ्या पुटपुटणाऱ्या ओठांकडे बघायचे. पूर्वीच्या माझ्या प्रार्थना गोड असायच्या, शब्द निवडलेले असायचे. या प्रार्थना दात खाऊन केलेल्या होत्या. खरं सांगते, तोपर्यंत मला देव इतका जवळ कधी वाटला नव्हता. भांडायला समोर कुणीतरी लागतंच ना.

पहिले दोन रविवार सुजाता माझ्याशी बोलली नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ती पाय उशीवर ठेवून पडलेली, तोंड भिंतीकडे. मी ड्रेसिंग सोडायची, जखम धुवायची, बांधायची, तिच्या सासूने दिलेला चहा प्यायची आणि निघायची. पंधरा दिवसांनी सर्जननी बघितलं. हाड वाचलं होतं. कापायचं नाही, पण भरायला वेळ लागेल, म्हणाले.

तिसऱ्या रविवारी मी पट्टी बांधत असताना ती अचानक म्हणाली, "बाई, तुमच्या देवाला मारलं तवा तो उठला म्हनतेत ना?"

"हो."

"किती दिसांनी?"

"तिसऱ्या दिवशी."

"मंग बगा. त्यो देव असून त्याला तीन दिस लागले. आन् तुमी मला दीड महिन्यात उठवाया निघालात. म्या मानूस हाय की हो."

मला हसू फुटलं. सॅम्युएल गेल्यापासून मी हसले नव्हते. ती हसली, तिची सासू चुलीपुढून हसली. हसता हसता माझे डोळे वाहायला लागले आणि सुजाताने उशाचा टॉवेल माझ्याकडे फेकला. म्हणाली, "रडू नगा. माजा गुडगा हाय आजून. उठनार म्या. पर माज्या हिशेबानं."

मोठमोठ्या प्रवचनांनी माझं जे सांत्वन झालं नव्हतं ते देव न मानणाऱ्या या बाईने केलं. कुणाला हे आवडणार नाही, न आवडो. आमचा प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातापायांच्या जखमा तशाच होत्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. उठणं म्हणजे जखम नाहीशी होणं असं मीच कुठून तरी धरून बसले होते. मला दाऊदकाकांचा राग होता, पण माझ्या मनातला हिशेबही त्यांच्यासारखाच होता: विश्वास पुरेसा घातला की पाय बाहेर पडायला हवा. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी भांडले नाही. चाकूरपासून नांदेडपर्यंत झोपून आले.

मार्चअखेर जखम भरली. दाऊदकाका वाटेत भेटले, म्हणाले, "अकरा रविवार गैरहजर आहात." मी म्हटलं, "हजर होते काका, चाकूरला."

एप्रिलमध्ये पुन्हा मापं घेतली. सकाळी, संध्याकाळी, आठवड्याने सकाळी, संध्याकाळी. जुळली. तरी मी आणखी एक आठवडा थांबले. सुजाताच वैतागली, "आता कामून थांबून राहिलात?" मे महिन्यात संस्थेचा पाय वाटपाचा कार्यक्रम होता. मांडव, पाहुणे, फोटो, लाभार्थ्यांनी व्यासपीठावर चालत जाऊन पाय स्वीकारायचा. व्यवस्थापक म्हणाले, तिचं नाव यादीत घाला, पाहुणे त्याच दिवशी आहेत. मी म्हटलं, तिचा पाय तयार होईल त्या दिवशी तयार होईल, आणि तिला कुणापुढे चालवणार नाही. त्यांनी नोटीस देईन म्हटलं. मी म्हटलं, द्या, पण शाई चांगली वापरा, मला फ्रेम करायची आहे. नोटीस काही आली नाही.

जूनमध्ये अंगणवाडी उघडली त्या दिवशी मी रजा टाकून गेले. सुजाता सकाळीच पाय चढवून तयार होती. अंगणवाडीला तीन पायऱ्या, कठडा नाही. तिचा नवरा हात द्यायला पुढे झाला तशी ती म्हणाली, "बाजूला व्हा. मला कुनी धरायचं न्हाई." उजवा पाय वर, मग डावा. तीन वेळा. आत गेली, पदर खोचला आणि लेकरांवर ओरडायला लागली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, हजेरीपटावर तिचं नाव लिहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेकरांना तर खिचडीशी मतलब होता.

दुपारी अंगणवाडी सुटली. मी निघाले नाही. तिच्या घरी गेलो. तिने भांडी घासली, पाणी भरलं, शेजारणीकडे जाऊन आली. मी ओट्यावर बसून होते. ऊन उतरल्यावर ती समोर येऊन बसली आणि हसत म्हणाली, "इचारा की, दुखतंय का म्हणून."

"तुला नाही विचारत."

तिने पाय काढला. मोजा ओढून माझ्या हातात दिला. दिवसभराच्या घामाने ओला होता. मी तो उलटा केला आणि पश्चिमेकडच्या उजेडात धरला. एकदा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला, शिवणीपाशी बोट फिरवून पाहिलं. माझ्या आख्ख्या नोकरीत मी इतका वेळ कुठला मोजा पाहिला नसेल.

पुढच्या रविवारी चर्चला गेले. साक्षीची वेळ आली, मी उभी राहिले. पुढच्या बाकावरून दाऊदकाका वळले. जानेवारी त्यांच्या लक्षात होता. म्हणाले, "करुणाबाई, थोडक्यात."

मी म्हटलं, "संध्याकाळी बघितला. मोजा पांढरा होता."

आणि बसले.